इंजिन काम केल्यावर गरम झालं की ऑइल प्रेशर बसतं (२५१५ कमिन्स)

दहाचाकी_नगर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वाचत रोज असतो, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी टाटा २५१५, दहा टायर, कमिन्स ६बीटी इंजिन, २००६ चं मॉडेल. नगरहून कांदा भरून बंगळूर, येताना मिळेल तो माल. ब्रीदरमधून धूर मारायला लागली होती, ऑइलही खात होती, म्हणून दिवाळीआधी फुल इंजिन काम काढलं. बोअर ०.५० ने वाढवून नवे पिस्टन-रिंगा, क्रँक मेन (ब्लॉकमध्ये बसणारा भाग) आणि बिग एंड (पिस्टनच्या दांड्याकडचा भाग) दोन्हीकडे ०.२५ मिमीला ग्राइंड, सगळी बेअरिंग नवी, ऑइल पंप नवा, हेडचं काम वेगळं. ऑइल १५डब्ल्यू४०.

सकाळी स्टार्ट केली की प्रेशरचा काटा ४ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर. सुपा येईपर्यंत काही म्हणणं नाही. शिरूर सोडलं, इंजिन नीट तापलं की काटा खाली यायला लागतो. सिग्नलला आयडलिंगवर उभी केली की जवळजवळ शून्याला टेकतो आणि बत्ती लुकलुकते. १८०० आरपीएमला जेमतेम दीड किलो. काम झाल्यापासून ६४० किलोमीटर चालली आहे, आता घरासमोर उभी आहे.

मिस्त्री म्हणतो नवीन इंजिन आहे, बसेल हळूहळू. दुसरा मिस्त्री म्हणतो प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे एक वायसर टाक, नाहीतर २०डब्ल्यू५०, म्हणजे जाड ऑइल, भर. हप्ता २० तारखेला आहे. काय करू?

घाटवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

आधी गाडी चालवायची नाही. हे पहिलं. बाकी नंतर.

सांगलीकर_मिस्त्री | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

भाऊ, घाबरू नका. नव्या कामात सुरुवातीला असं दिसतं कधीकधी. सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा भाग) लोकल असेल तर काटा काहीही दाखवतो. माझ्याकडे एका १६१३ ला असंच झालं होतं, सेंडर बदलला, विषय संपला. २०डब्ल्यू५० भरून बघायला काय जातंय?

फोरमनकाका | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४८

दहाचाकी, तुमची माहिती पुष्कळ नीट आहे. बहुतेक लोक "प्रेशर डाउन आहे" एवढंच लिहितात.

मिस्त्रींचं सेंडरबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, सुरुवात तिथूनच करायची. सेंडर काढा, त्याच भोकात साधा यांत्रिक गेज लावा, तांब्याची किंवा प्रेशरची नळी घेऊन केबिनबाहेर बांधा. इंजिन पूर्ण तापवा. नुसतं उभं ठेवून तापत नाही, वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश, आरपीएम चढू न देता फिरवून आणा आणि मग आकडे घ्या: आयडलिंग, १२००, १८००. या इंजिनाला गरम असताना आयडलिंगवर किमान १० पौंड, म्हणजे ०.७ किलो, आणि रेटेड आरपीएमला ३० पौंड, म्हणजे २.१ किलो लागतं. हे "चांगलं" प्रेशर नव्हे, याखाली गेलं तर बंद करा अशी ती रेघ आहे.

"नवीन आहे, बसेल" यावर मात्र माझा आक्षेप आहे. रिंगा बसतात. बेअरिंग बसत नाही, बेअरिंग झिजतं. नव्या इंजिनात गॅप कमी असतात म्हणून प्रेशर जुन्यापेक्षा जास्त दिसायला हवं. नव्यात कमी दिसतंय याचा अर्थ काम होताना कुठेतरी काहीतरी राहिलं किंवा चुकलं.

आणि २०डब्ल्यू५० ने काय जातं, तर पुरावा जातो. १०० अंशाला १५डब्ल्यू४० ची जाडी साधारण १४-१५ सेंटिस्टोक असते, ५० नंबरची १६ च्या वर ते २२ च्या आत. काटा थोडा वर चढेल, तुम्ही खूश होऊन बंगळूरचा माल भराल, आणि गळती जिथे आहे तिथेच राहील.

सांगलीकर_मिस्त्री | १० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

काका, पोट भरायचं असतं माणसाला. सगळ्यांना वर्कशॉपसारखा वेळ नसतो. तरी वायसरचं मी म्हणालो नाही हां, ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलंय त्यांना.

फोरमनकाका | १० नोव्हेंबर, सकाळी ८:५५

राग मानू नका, मिस्त्री. मीही दापोडीच्या वर्कशॉपला ३१ वर्षं हातच काळे केलेत.

वायसरचं मात्र सगळ्यांसाठी सांगून ठेवतो, कारण हा उपाय गावोगाव चालतो. फिल्टर हेडमधला रेग्युलेटर व्हॉल्व्ह प्रेशर *जास्त* झालं की उघडतो, ६० पौंडांच्या आसपास. तुमचं गरम आयडलिंगचं प्रेशर आहे शून्याच्या जवळ. म्हणजे तो व्हॉल्व्ह त्या वेळी बंदच आहे. बंद दाराला आणखी एक कडी लावून घरातली चोरी थांबत नाही. वायसरने थंड इंजिनाचं प्रेशर वाढेल, फिल्टर फुगेल, सील उडेल. गरम आयडलिंगला काडीचा फरक पडणार नाही. व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा तो काढून साफ करायचा असतो, स्प्रिंग दाबायची नसते.

कोलंबसचा_पुणेकर | १० नोव्हेंबर, रात्री ८:१४

मी कोलंबस, इंडियाना इथे असतो. कमिन्सचं माहेर म्हणतात ते हेच गाव, त्यामुळे रस्त्यावर निम्मी ओळख याच इंजिनाची निघते. तुमच्या दहाचाकीतलं हे ५.९ लिटरचं इंजिन इथे १९८९ पासून डॉज रॅम पिकअपमध्ये लागलं आणि लोक त्यावर जीव टाकतात. शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये उघडून बसतात. त्यांच्या गप्पा ऐकून शिकलो, मी स्वतः इंजिनवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, हे आधीच सांगतो.

इथे नव्या बांधणीनंतर प्रेशर कमी म्हटलं की लोक चार गोष्टी विचारतात. ब्लॉक साफ करायला कॉस्टिकमध्ये उकळला होता का? उकळला असेल तर गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढले होते का, आणि *सगळे* परत बसले का, विशेषतः पुढच्या गिअर हाउसिंगमागे? पिस्टन कूलिंगची नोझल काढली होती का? आणि कॅमचं पुढचं बुश बदलताना त्याचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळवलं का?

अवांतर: हाउसिंग उघडलंच होतं तर तिथली डॉवेल पिन ठोकून बंद केली का बघा. ती सुटून गिअरमध्ये पडते, आणि मग ऑइल प्रेशरचा धागा काढायची गरज उरत नाही.

दहाचाकी_नगर | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आज दिवसभर याच्यातच गेला. यांत्रिक गेज मागून आणला.

थंड: ४.२ किलो
गरम आयडलिंग: ०.४
१२००: ०.९
१८००: १.६

म्हणजे केबिनमधला काटा खरं बोलत होता बिचारा.

ऑइल लेव्हल वाढलेली नाही, डिझेलचा वास नाही, बोटांत चोळून बघितलं, पाण्यासारखं झालेलं नाही. फिल्टर कापला. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. थोडा काळा कचरा, चकाकी नाही. तांब्याचा रंग तर अजिबात नाही. रेग्युलेटरचा प्लग काढला, आतला व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने सरकत बाहेर आला, ओरखडा नाही.

पुणेकर दादा, ब्लॉक उकळला होता. ते काम बाहेरच्या एका ठिकाणी दिलं होतं. प्लगचं मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, सगळं जसंच्या तसं आहे. नोझल म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, ते इंजेक्टरमध्ये असतं.

घाटवाला | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०२

🙏 इंजेक्टरमध्ये

फोरमनकाका | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

फिल्टरमध्ये चकाकी नाही ही फार चांगली बातमी आहे. बेअरिंग अजून जिवंत आहेत. वेळेवर थांबलात.

आता विचार असा करायचा. पंप प्रेशर बनवत नाही. पंप तेल ढकलतो. प्रेशर बनतं ते तेलाला बाहेर पडायला जागा किती कमी आहे त्यावर. तोटीच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी जोरात उडतं, बोट काढलं की पायाशी पडतं, विहिरीवरचा पंप तोच असतो. थंडीत तुमचं तेल काकवीसारखं असतं, म्हणून मोठ्या भोकातूनही सावकाश जातं आणि काटा वर राहतो. तापल्यावर तेच तेल ताक होतं.

म्हणून "थंडीत ४ किलो येतंय म्हणजे पंप चांगला" असंही समजू नका. झिजलेला पंपही थंडीत ४ किलो दाखवतो. नवा आहे म्हणून निर्दोष नाही, पण संशयितांच्या यादीत तो माझ्या लेखी तिसरा-चौथा. स्ट्रेनरच्या नळीतून हवा ओढत असेल तर काटा थरथरतो. तुमचा शांतपणे खाली बसतोय. चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राला) लाल सिलिकॉन ढिगाने फासलेलं असेल तर त्याचे तुकडे स्ट्रेनरवर जातात, पण मग आरपीएम चढवल्यावर प्रेशर वाढायच्या ऐवजी पडायला लागतं. तुमचं वाढतंय.

उरतं ते एकच, तेल नको तिथून निसटतंय. एकतर बेअरिंगच्या गॅपमधून किंवा उघड्या राहिलेल्या भोकातून. बेअरिंगचा हिशोब क्रूर असतो. गॅप दुप्पट झाली की बाजूने सांडणारं तेल दुप्पट होत नाही, आठपट होतं. या इंजिनाचा मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ८३ मिमी, बिग एंड ६९ मिमी. ०.२५ ला काढला म्हणजे ८२.७५ आणि ६८.७५ च्या जवळ हवेत. ग्राइंडिंगवाल्याने हात जरा जास्त चालवला तर शेल (बेअरिंगची वाटी) ०.२५ चा आणि जर्नल त्याहून बारीक, असं होतं. मोजमापाची चिठ्ठी दिली होती का त्यांनी?

दहाचाकी_नगर | १२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

चिठ्ठी कसली काका. क्रँकवर खडूने "२५" लिहिलं होतं तेवढंच.

टाटा६९७प्रेमी | १२ नोव्हेंबर, दुपारी २:११

म्हणून आमचं टाटाचं ६९७ इंजिन बरं होतं. सहा सिलिंडर, ९७ चा बोअर, नावातच सगळं. मर्सिडीजच्या वंशातलं. असली नोझलबिझलची भानगड नाही.

घाटवाला | १२ नोव्हेंबर, दुपारी २:२०

आणि खंबाटकीला मागची सगळी लाईन शिव्या घालायची तेपण सांगा ना.

टाटा६९७प्रेमी | १२ नोव्हेंबर, दुपारी २:२४

पोचायचं ना पण वर 😄

सांगलीकर_मिस्त्री | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

दहाचाकी भाऊ, चेंबर खोला आता. आणि इंजिन लगेच उतरवू नका, एक जुगाड सांगतो. आमच्या गुरूंनी शिकवलेला आहे, काकांनाही माहीत असेल.

रंग मारायची प्रेशरची टाकी मिळते, पेंटरकडे असते. स्वच्छ धुवून घ्या. त्यात सात-आठ लिटर ऑइल भरा, झाकण घट्ट लावा, वरून कंप्रेसरची हवा द्या, दोन किलोच्या वर नाही. टाकीच्या तळाची नळी सेंडरच्या भोकाला जोडा. म्हणजे इंजिन बंद, आणि गॅलरीत प्रेशर चालू. चेंबर काढलेला असतो, खाली पत्र्याचा ट्रे, आणि आपण बॅटरी घेऊन खड्ड्यात. कोणत्या बेअरिंगमधून किती थेंब पडतात ते डोळ्यांनी दिसतं. चांगल्या बेअरिंगमधून भरभर थेंब पडतात, मोजता येतील असे. धार लागली की समजायचं चोर तिथे आहे.

फोरमनकाका | १२ नोव्हेंबर, रात्री ८:०५

मिस्त्री, शाबास. हेच सुचवणार होतो, तुम्ही आधी सांगितलंत ते उत्तम झालं.

माझी तीन शेपटं जोडतो. ऑइल कोमट करून घ्या, थंड तेल लबाडी करेल, चोर दिसणार नाही. धूर येईपर्यंत तापवू नका, हात लावून सोसवेल इतपत. दुसरं, क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत राहा, कारण क्रँकमधलं भोक शेलच्या खोबणीसमोर आलं की त्या बिग एंडचं तेल एकदम वाढतं. तो दोष नाही, एक फेरा पूर्ण बघून मग निकाल द्या. तिसरं, पंपाकडून थोडं तेल उलटं येऊन गळेल, त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

आणि टाकीला प्रेशर गेज असल्याशिवाय हवा जोडू नका. डोळ्यांवर चष्मा.

कोलंबसचा_पुणेकर | १३ नोव्हेंबर, पहाटे ५:२२

इथे याच कामासाठी तयार टाकी विकत मिळते. पेंटरच्या टाकीवर तेच काम होतं हे वाचून गावाची आठवण आली.

बघताना फक्त बेअरिंगच्या कडा बघू नका. मेनच्या बैठकीच्या वरच्या बाजूला, पिस्टनकडे तोंड केलेली बारीक भोकं असतात. नोझल तिथे बसतं. ते असेल तर सुतासारखी बारीक धार सरळ वर पिस्टनच्या पोटावर जाते. तेच त्याचं काम, पिस्टन थंड ठेवणं.

दहाचाकी_नगर | १५ नोव्हेंबर, रात्री ११:४०

सापडलं.

सविस्तर लिहितो, कारण असंच कुणीतरी रात्री शोधत बसेल.

सांगलीकर मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे टाकी केली. गाडी खड्ड्यावर घेतली, चेंबर उतरवला. सिलिकॉन होतं, पण स्ट्रेनर साफ. दीड किलो हवा दिली. पहिल्यांदा काही कळेना, सगळीकडूनच तेल. मग शांत बसून एकेक मेन बघत गेलो. धाकटा भाऊ पुढून क्रँक फिरवत होता. मेनच्या कडांना थेंब, सगळीकडे साधारण सारखे. बिग एंडला फिरवताना धार, मग परत थेंब, काका म्हणाले तसंच.

मग मान वाकडी करून वर बॅटरी मारली. बहुतेक ठिकाणी दोऱ्यासारखी बारीक धार सरळ पिस्टनवर जात होती. दोन ठिकाणी दोरा नव्हताच. करंगळीएवढा तेलाचा झरा, वर जाऊन लगेच वळून क्रँकवर कोसळत होता. माझ्या चष्म्यावर, नाकात, शर्टात. भावाने वरून विचारलं काय झालं, मी म्हटलं आंघोळ.

मोबाईलवर फोटो काढून पुणेकर दादांना पाठवला. दोन नोझल नाहीतच. नुसती रिकामी भोकं.

कोलंबसचा_पुणेकर | १६ नोव्हेंबर, पहाटे ४:५८

फोटो बघितला. शंका नाही. आता वाईट बातमी: ते नोझल बेअरिंगच्या बाजूने बसतं. क्रँक जागेवर असताना हात पोचत नाही.

दहाचाकी_नगर | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

म्हणजे इंजिन परत खाली.

फोरमनकाका | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:५२

होय. वाईट वाटतं, पण खाली. भोकाचा व्यास तिप्पट तर जाणारं तेल नऊपट, आणि तशी दोन भोकं. ऑइल बदलून हे भरून निघणार नव्हतं.

इंजिन उघडलंच आहे तर फुकटात होणारी गोष्ट करून घ्या. जर्नल मायक्रोमीटरने मोजा, आडवा आणि उभा. मग प्लास्टिगेजचा (गॅप मोजायच्या मऊ पट्टीचा) तुकडा ठेवून कॅप टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळा, क्रँक अजिबात फिरवू न देता. परत काढा आणि चपटी झालेली पट्टी मापाशी लावा. मेनला ०.११९ मिमी ही शेवटची मर्यादा. त्याच्या जवळ आलं तर क्रँक परत ग्राइंडिंगला. खडूवर विश्वास ठेवू नका.

खर्च कोण देणार ते बोललात का?

दहाचाकी_नगर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बोललो. मिस्त्रीला घेऊन ब्लॉक धुणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला मी सगळे पार्ट डब्यात घालून दिले होते. मिस्त्री म्हणाला डब्यात जेवढे होते तेवढे मी बसवले, दोन भोकं रिकामी दिसली तर मला वाटलं ऑइलची वाट असेल. दोघंही खोटं बोलत नाहीत असं मला वाटतं, म्हणूनच जास्त राग येतो. शेवटी मिस्त्रीने मजुरी सोडली. गॅस्केट, ऑइल आणि क्रेन माझ्या खिशातून. हप्त्यासाठी मेव्हण्याकडून घेतले.

प्लास्टिगेज केलं. मेनला सगळीकडे ०.०७ ते ०.०९ च्या मध्ये आलं, बिग एंडपण बरे. म्हणजे खडूवाला माणूस काम नीट करतो, लिहीत नाही एवढंच. शेलवर बारीक रेघा दिसल्या, म्हणून मिस्त्री आणि मी दोघांनी ठरवून मेन शेल नवे टाकले. नोझल सगळीच नवीन घेतली. बसवताना एकेक मोजून भावाने व्हिडिओ काढला.

सांगलीकर_मिस्त्री | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४५

स्टार्ट करायच्या आधी तीच टाकी जोडून गॅलरी भरून घ्या. कोरडी फिरवू नका. टर्बोच्या नळीतपण तेल सोडा.

दहाचाकी_नगर | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

काल संध्याकाळी स्टार्ट केली. यांत्रिक गेज अजून काढलेला नाही, आरशाच्या दांडीला बांधूनच ठेवलाय.

आज रिकामी गाडी शिरूरपर्यंत नेऊन आणली. गरम आयडलिंग १.४ किलो. १८०० ला ३.५. शिरूरला चहाच्या टपरीसमोर मुद्दाम अर्धा तास आयडलिंगवर उभी ठेवली. टपरीवाला विचारायला लागला गाडी बंद का करत नाही, डिझेल फुकट येतं का. त्याला गेज दाखवला. त्याला काही कळलं नाही, पण म्हणाला चांगलंय.

फोरमनकाका | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

फारच छान. ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला आणि फिल्टर परत कापून बघा. पहिल्या ट्रिपला माल कमी भरा.

कांदेवाले_चाकण | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

धागा उशिरा वाचला. माझ्या ४९७ इंजिनाला पण गरम झाल्यावर प्रेशर कमी होतं, काम न करताच. ३ लाख किलोमीटर झालेत. काय असेल?

फोरमनकाका | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

तुमची गोष्ट वेगळी, तिथे झीज असू शकते. नवीन धागा काढा. आधी यांत्रिक गेज लावून तीन आकडे लिहा, मग बोलू.

दहाचाकी_नगर | २६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

हिरियूरच्या पुढे ढाब्यावर थांबलोय. मागे १२ टन कांदा. १.३ आयडलिंगला.